आप्पांच्या कानातली गुलाबी चांदणी

या, असे जवळ या. भिंतीला टेकलेल्या मंडळींनीही जरा पुढे सरकावं. मागे बसलं की माणूस गोष्ट अर्ध्यात असतानाच जांभई देतो आणि दोष सांगणाऱ्याच्या माथी येतो. आज एका कानाची गोष्ट सांगणार आहे. चांगला धडधाकट, पन्नास वर्षांहून जास्त काळ बिनतक्रार चाललेला कान, एका संध्याकाळच्या रागापायी हातचा जायची वेळ आली होती. तो वाचला का, ते शेवटी कळेल. मध्येच कुणी "मग आधीच डॉक्टरकडे का नाही गेले?" असं विचारायचं नाही. तेच तर मलाही विचारायचंय, आणि विचारताना माझाही आवाज चढणार आहे. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तर आप्पा. आप्पांना राग येतो असं लोक म्हणत, ते चूक होतं. राग त्यांच्याकडे कायमचा राहायलाच होता. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात ते दिवसभर उजव्या कानाला हेडफोन लावून लोकांची गाऱ्हाणी ऐकत. नळ गळतो, पाइप फुटला, पाण्याला वास येतो, पाणीच येत नाही. असं दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलेला माणूस घरी येऊन कुणाचंही ऐकत नसे. मनाने मात्र भाविक. दर आठवड्याला न चुकता कीर्तनाला जात. बुवा डोळे मिटून आळवून आळवून सांगत, राग सोडा रे बाबांनो, राग सोडा, आणि आप्पांच्या गालांवरून खरोखर अश्रू ओघळत. मग बाहेर येऊन पाहावं तर आपली चप्पल ठेवली तिथून हातभर सरकलेली. त्या सरकवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार रस्ताभर चालायचा. देवालाही ही जोडगोळी ठाऊक होती, आप्पा आणि आप्पांचा राग. दोघांनाही तो सांभाळून घेत असावा.

एका संध्याकाळी आप्पा कामावरून आले तर त्यांची लेक स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून कानाला ओलं कापड लावत होती. लेक मोठी, कमावती, एका दुकानात हिशेबनीस. राग बापाचाच, पण तो ती तिजोरीत ठेवी.

"हे काय आहे?"

"कान."

"कान दिसतोय मला. कानाला काय आहे?"

"खडा आहे, बाबा. टोचून घेतलाय."

"वर? इतक्या वर कुणी टोचतं? तिथे हाड असतं!"

"हाड नसतं. कूर्चा असते. मऊ असते."

"मऊ! म्हणजे आधी पिकणार, मग सडणार, मग एक दिवस गळून पडणार. लिहून घे माझ्याकडून!"

लेकीने कापड टाकून दिलं, हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "चांगल्या ठिकाणी टोचलाय. नवी सुई, हातमोजे, सगळं बघून. मिठाचं पाणी उकळून गार करून त्याने पुसायचा, बाकी हात लावायचा नाही. तुम्हाला सुईची भीती वाटते म्हणून सगळ्या घराने घाबरायचं का?"

आप्पांच्या बायकोने गॅस बारीक केला. बाई अत्यंत सालस. भांडणात कधी तेल ओतत नसत, फक्त खरं बोलत, आणि ते जास्त पेटायचं. त्या म्हणाल्या, "अहो, ती चुकीचं नाही बोलत. मागे रक्त तपासायला गेलो तेव्हा तुम्हाला दोघांनी धरलं होतं."

आप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता समंजस माणूस अशा वेळी काय करेल? पाणी पिईल. फार तर दार आपटेल. आप्पा सापडेल ती चप्पल पायात घालून बाहेर पडले आणि तडक बाजारातल्या त्या टपरीवर गेले, जिथे मोबाइलची कव्हरं विकतात, घड्याळाचे पट्टे बदलतात आणि त्याच हाताने कानही टोचतात. खडा ठोकायच्या पिस्तुलाने. पाळीला, मऊ मांसाला, चालतं म्हणे एखाद्या वेळी. पण कूर्चेत ते धाडकन घुसवायचं म्हणजे पातळ कपबशीत खिळा ठोकण्यासारखं आहे. टपरीवाल्यालाही ते ठाऊक असावं, कारण तो म्हणाला, "काका, वर नको. वरचं दुखतं फार."

"मला दुखत नाही!"

"पाळीला करू या ना."

"तू मला शिकवू नकोस! वर. बरोब्बर इथे!"

साधा खडा संपला होता. उरली होती ती एक गुलाबी चांदणी. आप्पांनी ती घेतली. रागात माणूस रंग बघत नाही. ठाप्! डोळ्यांपुढे सगळं तारांगण उभं राहिलं, पण तोंडातून चकार शब्द नाही. टपरीवाला पुढे काही समजावून सांगत होता, कसं पुसायचं, काय लावायचं नाही. आप्पा "कळतं मला!" म्हणून ओरडून निघालेही होते. घरी येऊन ते दिव्याखाली खुर्चीत ताठ बसले. उजवा कान लेकीच्या बाजूला. लेकीने पाहिलं. चांदणी चमकली. आणि लेक हसायला लागली, जमिनीवर बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बायकोही पदर तोंडाला लावून आत गेली.

त्या हसण्याने घात केला. रागावली असती तर आप्पा जिंकले असते. बापलेकीचं बोलणं त्या क्षणापासून बंद.

पहिले दोन दिवस कान थोडा लाल, थोडा हुळहुळा, भोकाशी पाण्यासारखं काहीतरी येऊन वाळलेली बारीक खपली. एवढं कुणालाही होतं. ते लेकीलाही होतं आणि ती मिठाचं पाणी लावून गप्प होती. आप्पांनीही हात लावला नसता तर ही गोष्ट इथेच संपून तुम्ही घरी गेला असता. पण आपल्यात कुणाला एक भोक पडलं की त्यात सल्ला ओतायला गल्ली जमते.

वरच्या मजल्यावर गाडी शिकवणारे मास्तर राहत. जिन्यात चांदणी पाहून ते थबकले. "आप्पा, फिरवता की नाही?"

"काय फिरवता?"

"अहो, खडा! रोज फिरवायचा. गाडी महिनाभर उभी ठेवली की कशी जाम होते? चालू करून ठेवायची."

झालं. आप्पा फिरवू लागले. बसमधला दांडा धरलेल्या, नोटा मोजलेल्या, फोनचं बटण दाबलेल्या बोटांनी, सकाळ-दुपार-संध्याकाळ, किल्ली फिरवल्यासारखे. आतली ताजी जखम जरा सांधली की हे पुन्हा उकरणार. कानाला काय इंजिन आहे, मास्तर? सांगा ना!

कान दुखायला लागला. समोरच्या मावशींनी दारातूनच निदान केलं, "स्पिरिट लावा. आग झाली पाहिजे. आग झाली की समजायचं जंतू मेले." आप्पांनी स्पिरिट लावलं. आग झाली. एवढी झाली की मोरीचं दार त्यांनी दातांनी धरायचं बाकी ठेवलं. जंतू मेले असतील नसतील, पण कानाचं भरत आलेलं कातडं मात्र होरपळून निघालं. मावशींना मी आजवर दोष दिला नव्हता, आज देतो. ज्या बाई आपलं साधं बोट भाजलं तर दवाखान्यात धाव घेतात, त्यांना दुसऱ्याच्या कानावर एवढा पराक्रम कुठून सुचतो?

आता कान बोलू लागला. नुसता लाल नव्हे, गरम. हात जवळ नेला तरी धग लागे. ठणका असा की नाडीचा प्रत्येक ठोका कानात येऊन पडे. वरची कड सुजून गुळगुळीत, चकचकीत झाली. कानाला ज्या घड्या असतात त्या बुजून गेल्या. पाळी तेवढी शहाण्यासारखी जशीच्या तशी, आणि वरचा भाग डोक्यापासून सुटून बाहेर आलेला. भोकातून पाण्यासारखं येत होतं तिथे पिवळा-हिरवट घट्ट पू. अहो, याहून कानाने आणखी काय करायचं? पत्र लिहायचं?

कुणीही म्हणेल, पिकलाय, डॉक्टर गाठा. पण आप्पांची अडचण कुणाला सांगण्यासारखी नव्हती. "पिकणार" असं ते स्वतःच गरजले होते, आणि पिकला होता. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं होतं, फक्त ते चुकीच्या कानावर खरं ठरलं होतं. लेकीचा कान मात्र समोर वावरताना दिसे, स्वच्छ, सुकलेला, नसता उद्धट. तिच्यापुढे "दुखतंय" म्हणायचं? त्यापेक्षा आप्पांनी ट्रंकेतून लोकरीची कानटोपी काढली आणि ऐन उकाड्यात घालून बसले.

"अहो, थंडी वाजतेय का?" बायकोने विचारलं.

"मला आवडते टोपी."

"आजवर कधी आवडली नव्हती ती."

"आता आवडते!"

कामावर टोपीवरून हेडफोन चढत नव्हता. आप्पांनी तो डाव्या कानाला लावला. पहिलाच फोन एका गृहस्थांचा. आमच्या गल्लीतला पाइप एका जागी फुगलाय, आठवड्याभरापासून पिवळं पाणी येतंय, आणि आजपासून तर त्याला वासही येतोय.

"आठवड्याभरापासून?" आप्पा इतके कडाडले की शेजारच्या टेबलावरचे लोक उभे राहिले. "आठवडाभर काय करत होता? फुगलेला दिसत नव्हता? पिवळं येतंय ते दिसत नव्हतं? फुटायची वाट बघत होता की काय? लोकांना लाज कशी नाही वाटत!" त्यांनी फोन ठेवला, टोपी कपाळापर्यंत ओढली आणि ठणक्याने डोळे मिटून घेतले. मी काही म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका.

त्या रात्री मेहुण्याचा फोन आला. बहिणीकडून त्याला टोपीचं कळलं होतं, कानाचं त्याने ताडलं. मेहुणा विमा विकतो, त्यामुळे त्याला सगळ्याच विषयांतलं कळतं. "आप्पा, विषय संपवा. काढून टाका तो खडा. रोगाचं मूळच उपटून टाकायचं!" आप्पांना हे पटलं, कारण त्यात कुणाला काही सांगायचं नव्हतं. आरशासमोर उभं राहून, ओठ चावून, त्यांनी चांदणी उपटली आणि खिडकीतून भिरकावली. सकाळपर्यंत भोकाचं तोंड मिटलं होतं. आप्पांना वाटलं, बरं झालं. घाण होती ती आतच राहिली होती, हे त्यांना कोण सांगणार? दार लावून घेतलं म्हणजे चोर गेला असं थोडंच असतं!

दुसऱ्या दिवशी आप्पा कामाला निघालेच नाहीत. टोपी घालून खुर्चीत बसले होते आणि अंगात कणकण भरली होती. बायकोने हाका मारल्या तर हूं की चूं नाही. लेक डबा भरत होती. तिने वळून पाहिलं, अबोला मोडायची तिची अजिबात इच्छा नव्हती, पण तिला एक गोष्ट खटकली. बाबा ओरडत नव्हते. आईने खांद्याला हात लावून हलवलं तरी "काय आहे!" असं खेकसले नाहीत. ती सरळ गेली आणि तिने टोपी ओढून काढली.

"बाबा!"

तो "बाबा" समोरच्या मावशींपर्यंत ऐकू गेला. कान जांभळट लाल, फुगलेला, बोट लावलं तर आत काहीतरी डचमळत होतं. लेकीची तिजोरी उघडली.

"कधीपासून आहे हे? बोला ना! पू येत होता? आणि खडा कुठेय? खडा का काढलात? कुणी सांगितलं काढायला? मी समोर बसलेय, घरात, रोज! मला विचारता आलं नाही? जीभ झडली असती?"

"तू हसलीस," आप्पा म्हणाले.

एवढंच. एवढा मोठा माणूस, सगळ्या खात्याला धाकात ठेवणारा, आणि शेवटी हे निघालं त्याच्या तोंडून. लेक दुप्पट चिडली. "हसले, चुकले! म्हणून कान सडवून घ्यायचा? उठा. उठा म्हणते ना!"

रुग्णालय मोठं होतं. मोठं म्हणजे तिथे खिडक्या भरपूर. पहिल्या खिडकीतल्या माणसाने कान पाहून त्वचा विभागाकडे बोट दाखवलं. त्वचा विभागाच्या खिडकीने विचारलं, "आत कुठवर गेलंय?" कूर्चेपर्यंत म्हटल्यावर ती खिडकी म्हणाली, कूर्चा आमच्याकडे नाही, कान विभागात जा. कान विभागाच्या खिडकीत एक चष्मेवाले गृहस्थ कानात काडी फिरवत बसले होते.

"ऐकू येतं का?"

"येतं," लेक म्हणाली, "पण—"

"मग कान चांगला आहे. हे बाहेरचं झालं. अपघात विभागात विचारा."

अपघात विभागाने विचारलं, "अपघात कसा झाला?"

"नाही झाला. मी मुद्दाम टोचून घेतला," आप्पा क्षीण आवाजात म्हणाले. आयुष्यभर खरं बोलण्याची सवय, ऐन वेळी नडली.

"मुद्दाम? मग अपघात कसा?"

अहो, माणसाच्या कानाला रुग्णालयात जागा नाही? देवाने तो केला तेव्हा आत एक खातं, बाहेर दुसरं, असं काही ठरवून केला होता का? पुन्हा कान विभाग. चष्मेवाले आता काडी खिशात ठेवून खिडकी ओढून घेत होते. "मॅडम ऑपरेशनला निघाल्यात. एकच पेशंट राहिलाय, तो नंबर त्या बाकावरच्या बाईंचा. तुम्ही उद्या या."

आणि तिथे लेक कडाडली. तोच आवाज, तीच पट्टी, डोळे मिटले असते तर आप्पाच वाटले असते. "उद्या? उद्या काय आणू, कान पिशवीत घालून आणू? ताप बघा त्यांचा! सकाळपासून चार दारं फिरवलीत, एकानेही हात लावून पाहिला नाही! तुमच्या वडिलांचा असता तर उद्या म्हणाला असतात?" खिडकीची काच थरथरत होती. आप्पा बाकावर बसून ऐकत होते. आपल्यासाठी कुणीतरी असं भांडतंय, हे त्यांनी कधी अनुभवलं नव्हतं. भांडायचं खातं नेहमी त्यांच्याकडेच असायचं. अंगात ताप, कानात घण, आणि तरी त्यांना एकदम हलकं वाटलं.

बाकाच्या टोकाला एक बाई बसल्या होत्या. साधीच साडी, मांडीवर पिशवी, पहाटेपासून ताटकळलेल्या. तो शेवटचा नंबर त्यांचा. त्या इतका वेळ कपाळाला आठ्या घालून हे सगळं बघत होत्या. मग तावातावाने उठल्या.

"ए मुली, घसा फोडणं पुरे झालं आता. ने त्यांना आत."

"पण नंबर तुमचा—"

"मला सांगतेस होय माझा नंबर? माझ्या कानात महिनाभर शिट्टी वाजतेय, डोळ्याला डोळा नाही. आणखी एक दिवस वाजली तर काय, मी काय मरतेय? यांचा तो कान बघ, फुटायला आलाय! आणि तुम्ही हो," त्या आप्पांवर घसरल्या, "या वयात काय हे थेर? चला, उठा, बघत काय बसलाय!"

आप्पांना आयुष्यात इतक्या लोकांनी एका दिवसात कधी झापलं नव्हतं. ते निमूट उठले.

डॉक्टरीणबाईंनी कानाला हात लावला मात्र, त्यांचा चेहरा बदलला. "खडा कुणी काढला?"

"मीच."

"आत पू साठलाय. खडा असता तर निदान वाट राहिली असती बाहेर यायला. पिकलेला खडा आपल्या मनाने काढायचा नसतो, आधी दाखवायचा असतो. फिरवत होता?" आप्पांनी मान हलवली. "स्पिरिट?" मान हलली. "एकही गोष्ट सोडली नाहीत म्हणजे! अहो, या कूर्चेला मुळात रक्त कमी पोचतं, तिला स्वतःहून भांडता येत नाही. आजचा दिवस घालवला असतात तर ती आतून गळून गेली असती. मग कान चुरगळलेल्या कागदासारखा. तो पुन्हा सरळ होत नाही." मग त्यांनी लेकीच्या कानाकडे पाहिलं. "हा असा दिसायला हवा."

लेकीला त्या वेळी काय काय बोलता आलं असतं! तिने फक्त खुर्ची आप्पांच्या जवळ ओढली. बधिर करायची सुई निघाली तशी आप्पांनी तिचा हात धरला, आणि इतका घट्ट धरला की तिच्या बोटांना मुंग्या आल्या. चीर दिली, घाण काढली, पट्टी बांधली, शिरेतून औषध दिलं, रोज येऊन दाखवायला सांगितलं, गोळ्या मधेच सोडल्या तर याद राखा असा दमही भरला. मॅडम तशाच धावत ऑपरेशनला गेल्या.

कान वाचला. वरची कड किंचित आत वळलीय, पुस्तकाचं पान कोपऱ्याशी दुमडावं तशी, पण कान आहे, जागेवर आहे. मास्तर, मावशी आणि मेहुणा तिघेही भेटायला आले आणि तिघेही म्हणाले, आम्ही सांगितलं तसं नीट केलं नसणार. लेकीने त्यांना दारातूनच असं काही वाटेला लावलं की आप्पांनी आतून "शाबास!" म्हटलं.

पण ते पुढचं. त्या दिवशी पट्टी बांधून दोघं बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता. खिडकी बंद. आप्पांनी काचेवर इतक्या थापा मारल्या की चष्मेवाल्यांना ती उघडावी लागली.

"इथे एक बाई बसल्या होत्या, त्या कुठेत?"

"गेल्या. मॅडम नाहीत म्हटल्यावर काय करणार?"

"त्यांना उद्या सगळ्यात आधी आत घ्यायचं! कळलं?"

"घेतो की. नाव सांगा."

आप्पांनी लेकीकडे पाहिलं, लेकीने आप्पांकडे. नाव दोघांनाही ठाऊक नव्हतं. आप्पांना इतका संताप आला, स्वतःचा, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पुढे पट्टी बदलायला ते रोज जात, लवकर जात, आणि आपला नंबर आला तरी दारातून मागे वळून सगळे बाक पाहून घेत. त्या बाई काही पुन्हा दिसल्या नाहीत. कुणी म्हणालं दुसऱ्या रुग्णालयात गेल्या असतील. बऱ्या झाल्या की अजून ती शिट्टी वाजतेच आहे, कुणालाच माहीत नाही.

म्हणून एवढं मागणं आहे. तुम्ही हात जोडून बसाल, आपल्या माणसांची एकेक नावं घेऊन झाली असतील, तेव्हा उठायच्या आधी तिचीही आठवण काढा. नाव नाही सांगता येत. कानात शिट्टी वाजणारी, दुसऱ्याला रागावून आत पाठवणारी बाई, एवढं म्हणा. ज्याला सांगायचं, त्याला ती ठाऊक आहे.